गोळी चुकली, पण गुन्हा कुणाचा?

वकिलाकडे लोक जमिनीचे तंटे, फारकतीची प्रकरणे, अॅट्रॉसिटीच्या फिर्यादी आणि नोकरीवरून काढल्याच्या नोटिसा घेऊन येतात. लिव्हरचा आजार घेऊन कुणी येत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत वाकड, काळेवाडी, थेरगाव, रहाटणी या पट्ट्यातून माझ्याकडे आलेल्या कामगारांच्या कागदपत्रांत दवाखान्याचे एक वाक्य मला पुन्हा पुन्हा दिसू लागले आहे. ते वाक्य असे: 'रुग्ण औषधोपचारात अनियमित.' तीन शब्दांचे हे वाक्य म्हणजे एक संपूर्ण निकालपत्र आहे. त्यात आरोपी ठरलेला आहे, गुन्हा सिद्ध झालेला आहे आणि शिक्षाही लिहिल्यासारखीच आहे. राहिली आहे ती फक्त चौकशी.

हे वाक्य नीट वाचण्याची वेळ माझ्यावर आली ती एका सुरक्षा रक्षकामुळे. ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील थोडे बदलून सांगतो. मराठवाड्यातून पंधरा वर्षांपूर्वी इकडे आलेला, वाकडच्या एका उंच सोसायटीच्या गेटवर बारा तासांची रात्रपाळी करणारा, दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलांसह राहणारा हा माणूस. 'ड्यूटीवर नशेत आढळला, रहिवाशांशी असंबद्ध बोलला' असा ठपका ठेवून एजन्सीने त्याला काढले होते. त्याच्या बायकोने माझ्या टेबलावर एक पिशवी उपडी केली. तिच्यात एजन्सीच्या पत्रापेक्षा दवाखान्याचे कागद जास्त होते. ती म्हणाली, "साहेब, ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. विहारात घेतलेल्या प्रतिज्ञा मोडणारा माणूस नाही हा."

कागद वाचल्यावर उलगडा झाला. माणसाला हिपॅटायटिस बी आणि त्यातून लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण होत जाण्याचा आजार होता. यकृत नीट काम करेनासे झाले की पोटात तयार होणारी अमोनियासारखी विषारी द्रव्ये रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळतो, त्याचे हात थरथरतात आणि शेवटी तो बेशुद्ध पडतो. पाहणाऱ्याला वाटते की गडी प्यायला आहे. हे होऊ नये म्हणून लॅक्टुलोज नावाचे एक गोड पातळ औषध देतात. दिवसातून दोन-तीन वेळा पातळसर शौचाला व्हावे असाच त्याचा हेतू असतो, कारण ही घाण त्या वाटेने बाहेर पडते. आमच्या या माणसाने ते औषध सोडले होते. का सोडले? मी विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गेटवर संडास नाही साहेब. तळघरात एक आहे, त्याला कुलूप असते. गेट सोडले की सुपरवायझरचा फोन येतो. कामावर जाताना ते औषध कसे घेणार?"

म्हणजे गेटवर संडास नव्हता म्हणून औषध सुटले, औषध सुटले म्हणून मेंदूवर परिणाम झाला, परिणाम झाला म्हणून तो दारुडा ठरला आणि दारुडा ठरला म्हणून नोकरी गेली. आणि दवाखान्याच्या कागदावर काय आले? 'रुग्ण औषधोपचारात अनियमित.' आता वाचकांनीच सांगावे, या गुन्ह्यात आरोपी नेमका कोण?

औषध सोडले तर काय होते?

आपल्या वस्त्यांत लिव्हरचा आजार म्हणजे 'कावीळ' किंवा 'पोटात पाणी झाले' एवढीच समज असते. कावीळ उतरली, पाणी काढले, की माणूस बरा झाला असे घरचे धरून चालतात. इथेच घात होतो. सिरॉसिस हा उतरणारा ताप नाही. रक्तदाब आणि मधुमेहासारखाच तो सांभाळत जगायचा आजार आहे आणि त्यातली प्रत्येक गोळी एकेका दरवाजावर उभी असलेली राखणदार आहे.

प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल ही गोळी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब कमी ठेवते. ती मनाने बंद केली तर एखाद्या रात्री रक्ताची उलटी होऊ शकते आणि ती उलटी माणसाला घेऊनही जाऊ शकते. स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पोटात पाणी साचू देत नाहीत. त्यांच्यासोबत मीठ कमी करावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या हिपॅटायटिस बीच्या गोळ्या विषाणू दाबून ठेवतात, पण तो मुळासकट काढत नाहीत. म्हणून त्या बहुतेकांना वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर दबलेला विषाणू उसळी मारतो आणि आधीच थकलेले यकृत कोसळू शकते. हिपॅटायटिस सी मात्र आता बरा होतो. साधारण बारा आठवडे गोळ्या नेमाने घेतल्या तर शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. ज्यांचे यकृत बदलले आहे त्यांना टॅक्रोलिमससारखी औषधे जन्मभर वेळच्या वेळी घ्यावी लागतात, नाहीतर शरीर ते परके यकृत नाकारते.

यात एक मोठी अडचण आहे. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी घेणाऱ्याला 'बरे वाटत' नाही. डोके दुखते तेव्हा गोळी घेतली की दुखणे थांबते, म्हणून ती गोळी आपल्याला पटते. रक्ताची उलटी होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीचा गुण कसा दिसणार? उलटी न होणे हाच तिचा गुण. न घडलेल्या गोष्टीसाठी रोज पैसे खर्चायचे, तेही महिनाअखेरीस, हे समजावून सांगितल्याशिवाय कुणाला पटेल? आणि समजावून सांगायला वेळ आहे कुणाकडे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ आजारांतल्या औषधांच्या नियमिततेवर एक मोठा अहवाल काढला. श्रीमंत देशांतसुद्धा अशा आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे ठरल्याप्रमाणे घेतात, असे त्यात नमूद आहे. गरीब देशांत स्थिती याहून वाईट आहे, असेही तो सांगतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे औषध सुटण्याची कारणे त्या अहवालाने पाच गटांत मांडली: सामाजिक-आर्थिक परिस्थिती, आरोग्यव्यवस्था, आजाराचे स्वरूप, उपचाराचे स्वरूप आणि रुग्ण स्वतः. पाचांतला रुग्ण हा एक. उरलेल्या चार आरोपींना मोकळे सोडून एकट्या रुग्णाला पिंजऱ्यात उभे करणे ही कुठली न्यायबुद्धी?

पिंजऱ्यात न आलेले साथीदार

पहिला साथीदार म्हणजे संडास. त्याबद्दल वर सांगितले. हिंजवडीची आयटी कंपन्यांची वसाहत आली आणि शेजारच्या वाकड गावाच्या शिवारात मनोरे उभे राहिले. या मनोऱ्यांत झाडलोट करणाऱ्या बाया, गेटवरचे रक्षक, गाड्या धुणारी पोरे, बांधकामावरचे मजूर हे सगळे तिथे दिवसाचे बारा तास काढतात. एका घरात तीन-तीन संडास असलेल्या इमारतीत या माणसांसाठी एक उघडा संडास नसतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कामाच्या जागी संडास-मुतारी देण्याची जबाबदारी ठेकेदारावर आणि त्याने न दिल्यास मूळ मालकावर टाकली होती. आता कामगार संहिता आल्या. अमुक सोसायटीला कायद्यातला कामगारसंख्येचा आकडा लागू होतो की नाही, हा वाद कोर्टात घालता येईल. माणुसकीला आकडा लागत नाही. लघवीच्या गोळ्या आणि जुलाबाचे औषध घेणाऱ्या माणसाला संडास नाकारणे म्हणजे त्याच्या हातातले औषध हिसकावणे होय. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी ज्या समाजाला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला कुलूपबंद संडासाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा साथीदार म्हणजे खाडा. वाकडहून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात जायचे किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचे, तर अंतर फार नाही. पण सकाळी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग तपासणीची, मग औषधांच्या खिडकीची. दिवस जातो. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक खाडा आणि महिन्यात दोन खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस बघतो. एवढे करून खिडकीवर कळते की एक गोळी शिल्लक नाही, 'बाहेरून घ्या'. माणूस मेडिकलसमोर उभा राहतो, खिशातले पैसे मोजतो आणि महिन्याच्या गोळ्यांऐवजी दहा दिवसांच्या घेतो. मग त्या दहा गोळ्या एक दिवसाआड घेऊन वीस दिवस पुरवतो. हा निष्काळजीपणा नव्हे, हा गरिबाचा हिशोब आहे. तो चुकीचा आहे, जिवावर बेतणारा आहे, पण त्याच्यापुढे दुसरा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

तिसरा साथीदार म्हणजे लपवाछपवी. कारखान्यात किंवा एजन्सीत भरती होताना रक्त तपासतात. हिपॅटायटिस बी निघाला की 'अनफिट' असा शेरा पडतो आणि कारण सांगितले जात नाही. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, एका नळाचे पाणी प्यायल्याने, शेजारी बसून काम केल्याने तो होत नाही. हे वैद्यकशास्त्राने सांगून कैक वर्षे झाली. तरी माणसाला बाहेर ठेवले जाते. मग जो आत आहे तो आजार लपवतो. डबा खाताना चारचौघांत गोळी काढत नाही. गोळीची डबी घरी ठेवतो, पाळी बदलली की वेळ चुकते आणि हळूहळू गोळी सुटते. विटाळ कसा तयार होतो आणि तो माणसाला आतून कसा खातो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

याला जोडूनच चौथा साथीदार येतो, तो म्हणजे 'दारुडा' हा शिक्का. यकृताचा आजार दारूने होतो हे खरे आहे. पण तो हिपॅटायटिस बी आणि सीने होतो, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणाऱ्या फॅटी लिव्हरमुळे होतो, शरीराच्या स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीमुळे होतो, जन्मजात दोषांमुळेही होतो. तरी झोपडपट्टीचा पत्ता आणि आडनाव वाचून काही ठिकाणी पहिला प्रश्न येतो, "किती घेतोस?" माझ्या ओळखीच्या एका बाईला हा प्रश्न तिच्या तरुण मुलीदेखत विचारला गेला. ती पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. तिचे औषध कुणी सोडायला लावले?

आणि जो खरोखर दारूने आजारी पडला, त्याचे काय? त्याला औषधाचा हक्क नाही का? दारू सोडणे हाच त्याच्यासाठी पहिला उपचार आहे, यात वाद नाही. पण दारूचे व्यसन हाही आजार आहे आणि त्यालाही उपचार लागतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था हे काम करीत आली आहे. पडलेल्या माणसाला लाथ मारून व्यसन सुटत नसते.

पाचवा साथीदार आपल्याच घरात बसलेला असतो. कावीळ उतरवणारा बाबा, गळ्यातली माळ, नाकात टाकायचे थेंब, 'लिव्हर साफ करणारा' काढा. डॉक्टरची गोळी महाग आणि रांगेत मिळणारी, बाबाचा काढा ओळखीचा आणि गोड बोलून दिलेला. माणूस एकाच्या जागी दुसरे घेतो. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. आजारी यकृताच्या माणसाने त्या वादाचा निकाल लागेपर्यंत स्वतःवर प्रयोग करू नये, एवढे तरी शहाणपण आपण पाळू. हीच गोष्ट अंगदुखीवर मेडिकलमधून मागून घेतलेल्या डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांची. सिरॉसिसच्या रुग्णाला त्या किडनी बिघडवण्यापर्यंत आणि रक्तस्रावापर्यंत नेऊ शकतात.

एकच आजार, दोन माणसे

अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेली गोष्ट आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात अपघात झाला, शेकडो लोकांचे रक्त चढवले गेले, त्यातून हिपॅटायटिस बी शरीरात आला आणि तो लक्षात येईपर्यंत यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. उरलेल्या पाव यकृतावर हा माणूस ऐंशी ओलांडूनही काम करतो आहे. चांगले आहे, त्यांनी शंभरी गाठावी. आजार लपवला नाही, लोकांना तपासणी करायला सांगितले, याबद्दल त्यांचे आभारही मानले पाहिजेत. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपण काढायला हवा. हा आजार असलेला माणूस उपचार, तपासणी आणि काम टिकले तर दीर्घकाळ जगू शकतो. वाकडच्या गेटवरच्या माणसाला त्याच आजाराने पंचेचाळिशीत मरण येत असेल, तर त्याला मारणारा केवळ विषाणू नाही.

कायद्याने काय दिले आहे?

काहीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आपल्यातले कितीजण हे जाणतात? टेनोफोविरसाठी उसनवारी करणारी माणसे मी पाहिली आहेत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले, मात्र महापालिकेची रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये त्या निर्णयात नव्हती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाच लाखांपर्यंत वाढवून सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. पण तिचा मुख्य भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. रक्ताची उलटी झाल्यावर योजना धावून येते. ती उलटी थांबवणारी रोजची गोळी मात्र रुग्णाच्या खिशावर. मेल्यावर सरण देणारी आणि जगताना सरपण न देणारी ही रीत बदलली पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित हक्क आहे तो ईएसआयचा. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या योजनेत दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे आणि त्या आजारांच्या यादीत पोटात पाणी झालेला सिरॉसिस व क्रॉनिक अॅक्टिव्ह हिपॅटायटिस यांचा नावानिशी समावेश आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, असे त्या कायद्याच्या कलम ७३ ने बजावले होते. २०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला, तरी योजना चालू आहे आणि चिंचवडला मोहननगरात तिचे रुग्णालय आहे. माझ्या अशिलाच्या पगारातून ईएसआयची रक्कम कापली जात होती. त्याला कार्डाचा नंबर ठाऊक नव्हता.

आणि जे कायद्याने दिलेले नाही तेही सांगतो. एचआयव्ही असलेला पण काम करण्यास सक्षम असलेला कामगार केवळ त्या कारणाने नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. पुढे २०१७ साली एचआयव्हीबाधितांविरुद्धचा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा संसदेने केला. हिपॅटायटिस बी असलेल्या कामगारासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. राज्यघटनेची कलमे १४ आणि २१ आहेत आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य राज्यावर टाकणारे कलम ४७ आहे. पण प्रत्येक वॉचमनने घटनेची कलमे घेऊन उच्च न्यायालयात जायचे काय?

विहाराने काय करावे?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसार झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना समजावले, तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? त्याच ठिकाणी त्यांनी दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली. ज्याची शुश्रूषा करणे कठीण असा रुग्ण कोण? जो अपथ्य करतो, औषध घेत नाही आणि आपला आजार खरा खरा सांगत नाही. आणि चांगला शुश्रूषक कोण? ज्याला औषधाचे ज्ञान आहे, जो लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो आणि मलमूत्राची किळस करीत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या शिकवणीत रुग्णाची जबाबदारी आहे, ती मी नाकारत नाही. गोळी मनाने बंद करू नये. एखाद्या औषधाचा त्रास होत असेल, परवडत नसेल, कामाच्या जागी घेता येत नसेल, तर ते डॉक्टरला तोंडाने सांगावे. वेळा बदलता येतात, पर्याय निघतात. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढू नये, विचारावे. पण त्याच शिकवणीत रुग्णाच्या जबाबदारीला जोडून शुश्रूषकाची जबाबदारीही आहे. आपण पहिली सांगतो, दुसरी विसरतो.

बाबासाहेबांना मधुमेहाने आणि इतर दुखण्यांनी जर्जर केले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला, तेव्हापासून त्यांचे औषधपाणी पाहायला डॉक्टर असलेल्या माईसाहेब घरात होत्या. एवढ्या प्रज्ञेच्या महामानवालाही औषधाच्या वेळा सांभाळायला माणूस लागला, तर बारा तास गेटवर उभे राहणाऱ्याने ते एकट्याने करावे ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आपल्या वस्त्यांत विहार आहेत. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती भूमी वाकडपासून काही कोसांवर आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास औषधांसाठी काढायला काय हरकत आहे? शिकलेल्या मुलामुलींनी डॉक्टरची चिठ्ठी मराठीत उतरवून द्यावी: कोणती गोळी, केव्हा, कशासाठी आणि सोडली तर काय होईल. जवळचे मोफत उपचार केंद्र आणि जनऔषधी दुकान कुठे आहे, तो कागद विहाराच्या फळ्यावर लावावा. रांगेत उभे राहायला एक कार्यकर्ता सोबत द्यावा. रुग्णाची गोष्ट मात्र चव्हाट्यावर आणू नये. तिची गुप्तता हा त्याचा हक्क आहे.

आणि सरकारकडे, महापालिकेकडे मागायचे ते ठाम शब्दांत मागावे. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांची औषधे एकदम द्या. २०२० च्या टाळेबंदीत एचआयव्हीच्या गोळ्या अनेक महिन्यांच्या एकदम दिल्या गेल्या, म्हणजे हे शक्य आहे. कामगार वस्त्यांत आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी बाह्यरुग्ण विभाग चालवा. बांधकामाच्या, सोसायटीच्या आणि कंपनीच्या प्रत्येक गेटपाशी कामगारांसाठी उघडा संडास असल्याशिवाय परवाना देऊ नका. हिपॅटायटिसच्या रुग्णाला कामावर भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा करा. आणि दवाखान्याच्या कागदावर 'अनियमित' लिहिण्यापूर्वी एक ओळ जास्त लिहायची सक्ती करा: का?

माझ्या त्या अशिलाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. एजन्सीने 'नशेत' हा शब्द मागे घेतला, थकलेला पगार दिला, नोकरी परत दिली नाही. तो आता एका ओळखीच्या दुकानात दिवसपाळीला बसतो. पगार कमी आहे, पण दुकानामागे संडास आहे. त्याच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोचे कॅलेंडर आहे. त्याची शाळेत जाणारी मुलगी रोज रात्री त्यावर बापाच्या गोळ्यांची खूण करते. मागच्या वेळी मी गेलो, तेव्हा तिने मला सगळा महिना दाखवला. एकही घर रिकामे नव्हते.

माणूस तोच, आजार तोच, औषधही तेच. बदलला तो एक संडास आणि खूण करणारे एक लेकरू. 'अनियमित' कोण होते, याचा निवाडा आता वाचकांनीच करावा.

जयभीम.